पॅरिश कौन्सिलवर या म्हणताहेत, जावं का? (इंग्लंडमधलं खेडं)

मेथीची_जुडी

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचनमात्र होते, पण आता डोकं पार भंजाळलंय आणि नवरा म्हणतो "तुझं तू ठरव", म्हणजे त्याचा काडीचा उपयोग नाही, म्हणून हा धागा.

आम्ही डर्बीशायरमध्ये, पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत, एका छोट्या गावात राहतो. गावाचं नाव लिहीत नाही कारण भारतीय घर एकच आहे आणि कोणालाही लगेच कळेल मी कोण. चर्च, पब, व्हिलेज हॉल, जेमतेम तग धरून असलेली प्राथमिक शाळा. दुकान कधीच बंद झालं. गॅसची लाइन नाही, घरोघरी तेलाची टाकी. बस अशी की चुकली तर गुपचूप घरी परत यायचं. लाल फोन बूथ आहे पण आत फोन नाही, डिफिब्रिलेटर (हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं यंत्र) आहे.

तर झालं असं, पॅरिश कौन्सिलमधले (म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीतले) एक आजोबा मुलीकडे राहायला गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. नोटीसबोर्डवर कागद लागला होता, मी वाचून पुढे गेले. मग हॉलमध्ये सूप लंच होतं (महिन्यातून एकदा असतं, वयस्कर मंडळींसाठी), मी मागे कप धूत होते, तर कौन्सिलच्या चेअरवुमन बाई शेजारी येऊन टॉवेल घेऊन कप पुसायला लागल्या. पावसाचं बोलून झालं, त्यांच्या कुत्र्याच्या दुखऱ्या पायाचं बोलून झालं आणि मग एकदम, "तू कौन्सिलवर का येत नाहीस?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, चालतं का ते माहीत नाही. दुसरं म्हणजे आत्ता गावात एका विषयावरून वातावरण तापलंय, त्यात पडावं का? आणि मुळात हे पॅरिश कौन्सिलवाले करतात काय, कुत्र्याच्या घाणीच्या पाट्या लावण्यापलीकडे? अनुभवी लोकांनी प्लीज लिहा.

निवांत_पोपट

रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येतो.

कलम_पोटकलम

ताई, पासपोर्टचा प्रश्न आधी मिटवू. कॉमनवेल्थ देशांचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील तर त्यांना मतदान करता येतं, पॅरिशपासून थेट पार्लमेंटपर्यंत. आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे ठाऊकच नसतं, व्हिसावर आलेले कित्येक जण वर्षानुवर्षं यादीत नाव घालत नाहीत. कौन्सिलर व्हायला मात्र कॉमनवेल्थ नागरिकाकडे इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन (आयएलआर, म्हणजे कायम राहायचा परवाना) असावं लागतं. ते असेल, वय १८ च्या पुढे असेल आणि त्या पॅरिशच्या मतदार यादीत नाव असेल तर तुम्ही पात्र. यादीत नाव नसलं तरी गेलं वर्षभर पॅरिशमध्ये किंवा हद्दीपासून ३ मैलांच्या आत राहत असाल तरी चालतं.

तो नोटीसबोर्डवरचा कागद महत्त्वाचा होता बरं का. मध्येच जागा रिकामी झाली की नोटीस लावतात आणि कामाचे १४ दिवस थांबतात. तेवढ्यात गावातल्या १० मतदारांनी लेखी मागणी केली तर पोटनिवडणूक. नाही केली तर कौन्सिल स्वतःच कोणाला तरी घेतं, त्याला को-ऑप्शन म्हणतात. लहान गावांत बहुतेक वेळा हेच होतं, कारण पोटनिवडणुकीचा खर्च सहसा पॅरिशच्याच माथी येतो आणि उभं राहायलाही कोणी नसतं.

एक आधीच सांगतो. कौन्सिलर झालात की २८ दिवसांत स्वतःची आणि नवऱ्याची नोकरी, घर, जमीन हे सगळं रजिस्टरमध्ये लिहून द्यावं लागतं आणि ते वेबसाइटवर लागतं. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टपासून यातली लपवाछपवी हा फौजदारी गुन्हा आहे. नवऱ्याला विचारा चालेल का, निदान इथे तरी त्याचा उपयोग होईल :)

(मी ऑक्सफर्डशायरमध्ये एक पूर्ण टर्म काढली आहे, म्हणून एवढी बडबड.)

शंकासुर

मी लंडनकर, त्यामुळे आधीच माफी. पण हे सगळं ऐकून हसू येतं. अधिकार शून्य आणि थाट पार्लमेंटचा! तो हँडफर्थच्या पॅरिश कौन्सिलचा व्हिडिओ आठवतो का, २०२१ च्या फेब्रुवारीत व्हायरल झालेला? झूमवर मीटिंग, "तुम्हाला इथे काही अधिकार नाही, जॅकी वीव्हर" असं एक जण ओरडतोय आणि ती बाई शांतपणे एकेकाला मीटिंगबाहेर काढतेय. अख्ख्या जगाने पाहिला. यात कशाला पडायचं?

कलम_पोटकलम

@शंकासुर, तो व्हिडिओ आम्हीही मिटक्या मारत पाहिला. पण देशात पॅरिश आणि टाउन कौन्सिलं मिळून १०,००० च्या आसपास आहेत, त्यातल्या एकाचा व्हिडिओ फिरला. बाकी ठिकाणी लोक झाकोळलेल्या ट्यूबलाइटखाली बसून बस शेल्टरचं छप्पर गळतंय यावर तासभर बोलतात, ते कोण बघणार? आणि आता ती झूमची मजाही नाही. कोविडपुरती दिलेली ऑनलाइन सभांची सूट ७ मे २०२१ ला संपली, तेव्हापासून कौन्सिलरांना प्रत्यक्षच हजर राहावं लागतंय.

अधिकाराचं म्हणाल तर, १८९४ च्या कायद्याने ही कौन्सिलं सुरू झाली. त्याआधी गावचा कारभार चर्चच्या व्हेस्ट्रीत चालायचा, म्हणजे पाद्री, जमीनदार आणि चार मातब्बर शेतकरी. कायद्याने चर्चचं चर्चकडे ठेवलं, गावचं गावाकडे आलं, आणि शेतमजूरही खुर्चीवर बसू शकायला लागला. म्हणून ताई, चर्चची पीसीसी (चर्चचा कारभार बघणारी समिती) वेगळी आणि पॅरिश कौन्सिल वेगळं, यात गोंधळ करू नका, गावातले लोक मनातून दुखावतात. कौन्सिलकडे काय असतं तर बागेतली खेळणी, बाकडी, बस शेल्टर, काही ठिकाणी रस्त्यावरचे दिवे, दफनभूमी, अलॉटमेंट्स (भाजी पिकवायला भाड्याने देतात ते जमिनीचे तुकडे). रस्त्यातले खड्डे नाहीत (ते काउंटी कौन्सिलचे), कचरा नाही (तो डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा), शाळा नाही. पण शिव्या मात्र खड्ड्यांबद्दलच खाव्या लागतात, कारण काउंटीचा माणूस दूर कुठल्या तरी ऑफिसात आणि तुम्ही पबमध्ये समोर सापडता.

सरपंचाची_सून

मी सातारा जिल्ह्यातून लिहितेय, आयडीवरून कळलंच असेल :) मला एक सांगा, पैसा कुठून येतो? आमच्याकडे घरपट्टी-पाणीपट्टी, मग वित्त आयोगाचा निधी, आणि तो खात्यावर आला की सगळ्यांची नजर त्याच्यावर. पार्टीचे गट असतातच. तिकडे सदस्याला मानधन किती? आणि महिला आरक्षण?

कलम_पोटकलम

वहिनी, मानधन नाही, बहुतेक ठिकाणी एक पेनी नाही. पगार फक्त क्लार्कला, आणि तोही पार्ट टाइम, एकच क्लार्क दोन-तीन गावं सांभाळतो. तुमच्या ग्रामसेवकासारखाच, त्याला नियम पाठ असतात आणि चेअरमनला नसतात. पैसा म्हणजे प्रिसेप्ट. कौन्सिल दर हिवाळ्यात ठरवतं की पुढच्या वर्षी इतके पौंड लागतील, डिस्ट्रिक्ट ते काउन्सिल टॅक्समधून वसूल करून देतं. बिलात खाली एक बारीकशी ओळ असते, ती गावाची. आरक्षण नाही. छोट्या गावांत पक्षही सहसा नसतात, सगळे अपक्ष. गट मात्र असतात, ते बिनाचिन्हाचे.

मेथीची_जुडी

बापरे, इतके प्रतिसाद! कलमदादा, आयएलआर आहे, यादीतही नाव आहे, म्हणजे ती पळवाट बंद झाली.

आता तापलेला विषय सांगते. गावाच्या कडेला एक शेत आहे, तिथे स्थानिकांसाठी सहा घरं बांधायचा प्रस्ताव आहे. रूरल एक्सेप्शन साइट म्हणतात त्याला, म्हणजे एरवी जिथे बांधकामाला परवानगी मिळत नाही तिथे फक्त परवडणारी घरं, आणि ती गावाशी संबंध असलेल्यांनाच, कायमची. गरज आहे हो. इथली दगडी घरं विकली गेली की हॉलिडे कॉटेज होतात, दाराला कोड असलेली किल्लीची डबी लटकते आणि हिवाळ्यात आमच्या गल्लीत संध्याकाळी मोजक्या खिडक्यांत उजेड असतो. शाळेत मुलं नाहीत ती याचमुळे. दूधवाल्या शेतकऱ्याचा मुलगा लग्न करून चेस्टरफील्डला भाड्याने राहतो आणि पहाटे गाडी हाणत गाई पिळायला येतो. तरी अर्धं गाव विरोधात, "गावाचं रूप बिघडेल", "गाड्या वाढतील" वगैरे. यातले बरेच जण स्वतः इथे रिटायर होऊन आलेले आहेत, ही गंमत.

शंकासुर

आता कळलं! ताई, त्या चेअरवुमन बाई घरांच्या बाजूने आहेत ना? त्यांना तुमचं मत हवंय. शिवाय एक ब्राउन चेहरा फोटोत बरा दिसतो. कप पुसायला उगाच नाही आल्या.

निवांत_पोपट

शंकासुरा, तुला कोणी कप पुसून दिला तरी त्यात कट दिसेल. ह.घ्या.

घंटाळी

शंकासुर यांचं अगदीच चूक नाही, पण अर्धंच बरोबर आहे. मी श्रॉपशरमध्ये आहे, चर्चच्या घंटा वाजवते (हो, मी हिंदू आहे, कोणी विचारलं नाही). मलाही असंच ओढलं होतं. तेव्हा वाटलं, आपल्याला मान देताहेत. नंतर कळलं सहा घंटा आहेत आणि माणसं पाच. तुम्ही कोण, कुठल्या, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं, हात हवे असतात. आणि मला तर तेच बरं वाटतं, मान देणारे लोक दोन वर्षांनी कंटाळतात, पण सहाव्या घंटेचा दोर धरणारीला कोणी विसरत नाही.

घंटांचं विचारलं नाहीत तरी सांगते. वर माळ्यावर घंटा तोंड वर करून उलटी उभी असते आणि प्रत्येक ठोक्याला पूर्ण गोल फिरते. दोरावर लोकरीचा जाड गोंडा असतो, त्याला सॅली म्हणतात. एकदा सॅली धरून ओढायचं, पुढच्या वेळी दोराचं शेपूट. सॅली वेळेत सोडली नाही तर घंटा तुम्हालाच छताकडे नेते, म्हणून शिकताना पहिले कित्येक दिवस फक्त "सोड, सोड!" ऐकलं. गाणी-बिणी वाजवत नाहीत, घंटांचा क्रम दर फेरीला बदलत जायचा आणि एकही क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. सहा घंटांचे क्रम होतात ७२०, सात घंटांचे ५०४०, आणि ते पूर्ण वाजवायला तीन तास लागतात, कागद न बघता. माझ्यासारख्या अकाउंटंटला व्यसन लागायला एवढं पुरे.

तर जा कौन्सिलवर. आमच्याकडे एकांनी चर्चशेजारी घर घेतलं आणि मग घंटांच्या आवाजाची तक्रार श्रॉपशर कौन्सिलकडे केली, तेव्हा गावाच्या बाजूने पहिलं पत्र पॅरिश कौन्सिलनेच लिहिलं होतं.

देवगडकर

घंटाळीताई, मस्त लिहिलंत. हातांवरून आमच्या भागातलं सांगतो. मी उत्तर लँकेशायरला, लून नदीच्या खोऱ्यात. इथे मोठ्या कंपन्या फायबर टाकायला तयार नव्हत्या, एका शेतघरासाठी मैलभर केबल कोण टाकणार? मग २०११ मध्ये लोकांनी स्वतःच बी-फोर-आर-एन नावाची संस्था काढली. शेअर गावकऱ्यांनीच घेतले, शेतकऱ्यांनी शेतातून केबल न्यायला फुकट परवानगी दिली आणि खोदाईसुद्धा लोकांनीच केली, कोणाचा ट्रॅक्टर, कोणाचा मिनी डिगर, कोणाचं नुसतं फावडं. दगडी कुंपणाखालून पाइप सरकवायचा, म्हाताऱ्या बायका वेळेवर चहा आणि केक पोचवायच्या. लंडनमध्येही तेव्हा बहुतेकांकडे नव्हतं असं गिगाबिटचं इंटरनेट मेंढ्यांच्या कुरणातून. शंकासुरा, तुझा स्पीड किती रे?

शंकासुर

माझा स्पीड हा या धाग्याचा विषय नाही :( 

सरपंचाची_सून

श्रमदान म्हणा की सरळ. आमच्याकडे पाण्याच्या कामाला असंच लोक उतरले की गटतट तेवढ्यापुरते विसरतात. काम झालं की परत सुरू.

मेथीची_जुडी

घंटाळी, तुमचा प्रतिसाद वाचून माझं अर्धं ठरलं. कारण मला गावात ओळख मिळाली तीही अशीच, वेल ड्रेसिंगमुळे.

हे डर्बीशायरचं खास. उन्हाळ्यात गावोगावच्या विहिरी आणि झरे फुलांनी सजवतात. टिसिंग्टनला ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, बाकी गावांत आपापल्या आठवड्यात. लाकडी फळ्यांना खिळे ठोकून त्या आधी पाण्यात भिजत टाकतात, नाहीतर लाकूड मातीतलं पाणी पिऊन टाकतं. मग चिकणमाती मीठ घालून पायांनी तुडवायची, अगदी पोरंटोरं सुद्धा, आणि फळीवर थापायची. कागदावर काढलेलं चित्र मातीवर ठेवून टाचणीने टोचत जायचं, कागद काढला की ठिपक्यांची रेघ उरते. त्या ठिपक्यांवर आल्डर झाडाची बारकी बोंडं किंवा कॉफीच्या बिया लावून काळी कड करायची आणि मग आत पाकळ्या. आमच्याकडे रंग-बिंग लावलेलं चालत नाही, सगळं निसर्गातलं हवं. पाकळ्या खालून वर लावत जायच्या, एकीवर एक, कौलांसारख्या, म्हणजे पाऊस निथळून जातो. मी पहिल्या वर्षी वरून सुरू करणार तेवढ्यात एका आजींनी माझा हात धरला, तोंडाने काही बोलल्या नाहीत, नुसतं खाली बोट दाखवलं. रांगोळीचा हात असल्यामुळे बारीक काम पटापट जमलं आणि दुसऱ्या वर्षी मला चेहरा भरायला दिला. चेहरा नव्या माणसाला देत नाहीत म्हणे.

आठवडाभर टिकतं, मग सुकतं, की माती खरवडून पुढच्या वर्षीसाठी ठेवायची.

कलम_पोटकलम

विहिरींचं निघालंय तर अवांतर करतोच. माझ्या काउंटीत स्टोक रो नावाचं गाव आहे, चिल्टर्न टेकड्यांवर. खाली सगळा चुनखडक, पाण्याचे फार हाल. तिथे चक्क सोनेरी हत्ती आणि घुमट असलेली विहीर आहे, बनारसच्या महाराजांनी बांधून दिलेली! त्या भागातला एडवर्ड रीड नावाचा माणूस तिकडे कंपनी सरकारात अधिकारी होता. घरी पाणी प्यायलं म्हणून मार खाल्लेल्या मुलाची गोष्ट त्याने महाराजांना सांगितली होती, ती त्यांच्या मनात राहिली. विहीर १८६४ मध्ये खुली झाली. ३६८ फूट खोल, हातांनी खणलेली. देखभालीसाठी शेजारी चेरीची बाग लावून दिली, फळं विकून खर्च भागावा म्हणून. प्रिसेप्ट वाढवण्यापेक्षा ही आयडिया बरी.

निवांत_पोपट

म्हणजे एका भारतीयाने इंग्लंडच्या गावाला पाणी पाजलं आणि हे आपल्याला पुस्तकात शिकवलं नाही! ताई, तुम्ही आता नाही म्हणूच शकत नाही.

मेथीची_जुडी

कलमदादा, एक शंका राहिली. ते घरांचं शेत आमच्या माडीवरच्या खिडकीतून दिसतं. मग मला त्यावर मत देता येईल का? विरोधकांपैकी एक कौन्सिलर तर थेट शेताला लागून राहतात.

कलम_पोटकलम

नुसतं दिसतं म्हणून अडत नाही. प्लॅनिंगमध्ये कोणाच्या खिडकीतला देखावा गेला किंवा घराची किंमत उतरली हे धरतच नाहीत. रस्ता, सांडपाणी, दुसऱ्याच्या घरात डोकावणं, जुन्या वास्तूंना बाधा, हे धरतात. पण ज्याचं घर लागून आहे त्याने मीटिंगमध्ये तसं आधी जाहीर करावं, आणि चर्चेत बसावं की खोलीबाहेर जावं ते क्लार्कशी बोलून ठरवावं. तुमच्याबद्दलही क्लार्कला मेल टाकून लेखी उत्तर घ्या. आणि लक्षात ठेवा, पॅरिश कौन्सिल नुसतं मत कळवतं. तुमच्याकडे तर परवानगीचा निर्णय डिस्ट्रिक्टही घेत नाही, तो नॅशनल पार्कवाले घेणार. म्हणून "विरोध आहे" असं एका ओळीचं पत्र पाठवून काही होत नाही. त्या शेतकऱ्याच्या मुलासारखी किती कुटुंबं गावाबाहेर भाड्याने राहताहेत हे गावात फिरून, विचारून लिहिलं तर वाचतात. ते फिरायचं काम कोणी करत नाही. तुम्ही करा.

शंकासुर

हे मात्र पटलं. घराघरांत विचारणारी बाई हवी असेल तर मेथीताईच. सगळ्यांचे कप धुतलेत त्यांनी.

मेथीची_जुडी

अपडेट द्यायला आले. झालं एकदाचं. मीटिंगला आम्हा पब्लिकसाठी मागे चार खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या एकीवर मी आणि एकीवर आमच्या गल्लीतले एक आजोबा, जे दर मीटिंगला येऊन फूटपाथवर वाढलेल्या झुडपांबद्दल बोलतात. क्लार्कने मला दोन मिनिटं बोलायला दिली. हात वर करून मतदान झालं, शेताशेजारचे गृहस्थ सोडून सगळ्यांचे वर गेले, आणि त्यांनी हात खालीच ठेवून मीटिंगनंतर मला गाडीपर्यंत टॉर्च दाखवला. हे इंग्लिश लोक मला कधीच कळणार नाहीत. फॉर्मवर सही केली आणि लगेच पहिलं काम गळ्यात पडलं, दर आठवड्याला खेळण्यांची पाहणी. झोपाळ्याच्या साखळ्या, घसरगुंडीचे बोल्ट, सगळं बघून वहीत लिहायचं. आणि पिवळ्या पेट्यांत रस्त्यावर टाकायचं मीठ आहे का ते बर्फ पडायच्या आत बघायचं.

घरांचा विषय पुढच्या महिन्याच्या अजेंड्यावर आहे. चेअरवुमन बाईंनी अजून त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, शंकासुरांना सांगितलेलं बरं. मी या शनिवारपासून दारोदार जाणारे, कोणाकडे प्रश्नावलीचा नमुना असेल तर द्या.

कलम_पोटकलम

अभिनंदन! आमच्याकडे हाउसिंग नीड्स सर्व्हेचा फॉर्म वापरला होता, व्यनि करतो. त्यात "गाव सोडून गेलेलं तुमच्या घरातलं कोणी परत येऊ इच्छितं का" हा प्रश्न नक्की ठेवा, लोक तिथेच भडाभडा लिहितात.

देवगडकर

अभिनंदन ताई. दारोदार जाताना दुपारी चारच्या आत जा, अंधार पडल्यावर कोणी दार उघडत नाही. आणि मीटिंगला जाड स्वेटर घाला, आमच्या हॉलचा हीटर नाणी टाकल्याशिवाय चालत नाही आणि नाणी टाकायची जबाबदारी कोणाची यावर अजून ठराव झालेला नाही.